आत्याची रिकामी खाट

माझ्या आत्याने परक्या माणसावर विश्वास टाकलेला मी एकदाच पाहिला, आणि तोसुद्धा नाइलाज झाला म्हणून. एरवी तिला कोणी “बरी आहेस ना?” असं विचारलं तरी ती आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघते आणि मग म्हणते, “का? काय झालं?” दूधवाल्याने मापाच्या वर थोडं घातलं, की ते दूध ती हुंगून बघते. लग्नाआधी माझा नवरा पहिल्यांदा घरी आला आणि तिच्या हातचं मुकाट्याने, नावं न ठेवता जेवला. तो गेल्यावर आत्याने मला बजावलं, “इतका गोड माणूस काहीतरी लपवतोय.” लपवत होता खरा. घोरतो.

दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ती काम करते. दुसरीकडे अशा बायकांना मावशी म्हणतात. आमच्या दवाखान्यात तिला सगळे आत्याच म्हणतात, कारण चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायचं काम माझ्याकडे आहे आणि गठ्ठा पोचवायला गेले की मी दारातूनच “आत्या!” म्हणून ओरडते. माझं ऐकून सिस्टर म्हणायला लागल्या, मग डॉक्टरीणबाई, मग पेशंट. आता तर तिच्याहून म्हातारे लोकही तिला आत्या म्हणतात आणि ती त्यांच्याकडेही संशयानेच बघते.

तिच्या संशयाला कारण आहे, ते आधी सांगून टाकते. तिला एक मुलगी होती. माझी आतेबहीण. शिलाईमशीनवर पाय मारायला मला तिनेच शिकवलं. तिचे दिवस भरत आले तेव्हा दवाखान्यातली बाळंतपणाची खोली रंगकामासाठी बंद होती. दारावर पाटी होती, ‘तात्पुरती बंद’. आत एक शिडी आणि रंगाचे डबे होते, बाहेर कुलूप होतं, आणि रंगारी बरेच दिवस फिरकलाच नव्हता. कळा सुरू झाल्यावर तिला शहराकडे न्यायला निघाले. ती वाटेतच गेली. बाळही गेलं. त्यानंतर आत्याने दवाखान्यात काम धरलं. लोक म्हणाले, दुःख विसरायला गेली. मला विचाराल तर ती पहारा द्यायला गेली. बाळंतपणाच्या खोलीची कडी तिने पहिल्याच महिन्यात काढून टाकली, ती आजतागायत कोणी परत बसवलेली नाही. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक वीट असते.

तर अशा या दवाखान्याचा कायापालट होणार, अशी बातमी आली.

करायला हवाच होता, नाही कोण म्हणतं? व्हरांड्याचे पत्रे गंजून चाळणी झाले होते. भिंतींना ओल इतकी, की पाठ टेकली तर कपडे दमट व्हायचे. एक्स-रेच्या खोलीत यंत्रापेक्षा बादल्या जास्त होत्या. त्या जागी नवी इमारत होणार, तपासण्या तिथेच होणार, म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवणार, लहान मुलांसाठी वेगळी खोली, गावाला बसाउठायला मोठं दालन. सगळं ऐकून घेतल्यावर आत्याने एकच विचारलं, “आणि तोवर बाळंतिणी कुठे?”

“तात्पुरती काहीतरी व्यवस्था करू,” बातमी सांगायला आलेले साहेब म्हणाले.

झालं. जो शब्द उच्चारायला नको होता, तोच नेमका त्यांनी उच्चारला. आत्या घरी आली आणि म्हणाली, “कुठेतरी पाणी मुरतंय.” मी म्हटलं, भिंतींत मुरतंय, ते सगळ्यांनाच दिसतंय. ती हसली नाही.

मग ती बाई आली. नकाशे काढणारी, तरुण, केस आखूड कापलेले, पायात मळके बूट. तिच्याजवळ ती मोठी गुंडाळीची फीत असे, म्हणून तिचं नाव पडलं फीतवाली. प्रत्येक खोली ती मोजायची. दारं मोजायची, खिडक्या मोजायची, खाट आणि भिंत यांच्यातलं अंतरसुद्धा मोजायची. माझ्याही गळ्यात दिवसभर फीतच असते, त्यामुळे मला तिचा आधी जरा आपलेपणा वाटला. पण मग मनात आलं, माप घेतलं की पुढे कात्री येते. हे शिंपिणीला कोणी शिकवायला नको.

शिवाय ती फार नम्र होती. ओल्या फरशीवर पाय ठेवण्याआधी “जाऊ का?” म्हणून विचारायची. आत्याला “बसा ना” म्हणायची, आत्याच्याच वॉर्डात! “गोगलगाय, पोटात पाय,” आत्या म्हणाली. पाववाल्याची बायको म्हणाली, हिने दुसऱ्या एका गावातलंही काम केलंय आणि तिथला वॉर्ड रिकामा दिसला म्हणून त्याचं गोदाम करून टाकलं. तिला हे कोणी सांगितलं, ते तिला आठवत नव्हतं. पण गोदाम मात्र दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं.

आणि फीतवालीने जाहीर केलं, की येत्या सोमवारी ती दिवसभर दवाखान्यात बसून कोणती खोली किती वापरात आहे ते बघणार.

आता खरी गोष्ट अशी, की बाळंतिणींचा वॉर्ड बरेचदा रिकामा असतो. सहा खाटा आहेत. कधी दोन भरतात, कधी एक, कधी सगळ्या चादरी घडीही न मोडता तशाच. माझ्या चादरी टिकतात त्या त्यामुळेच. आत्या रविवारी संध्याकाळी माझ्या दुकानात आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “उशा किती आहेत तुझ्याकडे?”

मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. पण ती माझ्या मशीनवर हात ठेवून उभी राहिली. ते मशीन कोणाचं होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि मी उशांना नाड्या शिवायला घेतल्या.

सोमवारी सकाळी सहाही खाटा भरल्या. खिडकीशी मी, पोटाला उशी बांधून. माझ्या शेजारी पाववाल्याची बायको, तिला उशीची तशी गरज नव्हती. पलीकडे शाळेतल्या बाईंची बहीण आणि तिची जाऊ. दाराजवळ न्हाव्याची सून. सहावी कोणी मिळेना म्हणून पोस्टमनच्या आईला आणलं. तिच्या तोंडात दात चार. आत्याने तिला डोक्यापर्यंत चादर ओढून दिली आणि दम भरला, “तुझी नुकतीच सुटका झालीय, झोपून राहा.”

“मुलगा की मुलगी?” म्हातारीने चादरीतून विचारलं.

“गप!”

नेहमीची सिस्टर रजेवर होती. तिच्या जागी बदलीची सिस्टर आली होती, बाहेरगावची, कोणालाच न ओळखणारी. “तिला सांगून ठेव,” असं मी आत्याला म्हटलं. “कालची आलेली बाई,” आत्या म्हणाली, “कोणाचं माणूस आहे काय माहीत. ती सरळ जाऊन फीतवालीच्या कानाला लागेल.” सिस्टर बिचारी डॉक्टरीणबाईंबरोबर बाहेरच्या रांगेत गुंतली होती. मध्येच तिने दारातून डोकावून सहा भरलेल्या खाटा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

फीतवाली आली. खुर्ची ओढून कोपऱ्यात बसली. आम्ही कण्हायला लागलो. न्हाव्याची सून सगळ्यांत सरस, तिने तर नवऱ्याला शिव्याही दिल्या. फीतवाली नुसती बघत होती, आणि माझ्या मनात येत होतं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. माझी नाडी सैल होत चालली होती आणि मला हलताही येत नव्हतं.

तेवढ्यात बाजूच्या दाराशी एक टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग एका बाईचं ओरडणं, लांबलचक. मी मनात म्हटलं, आत्याने आणखी एक आणली वाटतं, आणि ही तर आम्हा सगळ्यांच्या वर! पाववाल्याची बायको माझ्याकडे बघून गालात हसली. थोड्या वेळाने टेम्पो सुरू झाला आणि गेला. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

बदलीची सिस्टर आत आली. “आत्या, एक केस आली होती. खाणीवरच्या ड्रायव्हरची बायको. ॲम्ब्युलन्स बाहेर गेलीय, म्हणून त्यांच्याच टेम्पोतून शहराकडे लावून दिली. आपल्याकडे जागाच नव्हती ना.”

आत्याच्या हातातला ट्रे खाली पडला. कात्र्या फरशीभर झाल्या.

मी तिचं तोंड पाहिलं आणि मला माझ्या आतेबहिणीला न्यायला आलेली ती गाडी आठवली. आत्या एक क्षण आमच्या सहा खाटांकडे बघत राहिली. मग ती वळली, कोपऱ्यात गेली आणि तिने फीतवालीचं मनगट धरलं. इतके दिवस जिला ती ‘अहो बाई’ म्हणत होती, तिला म्हणाली, “तुझी गाडी काढ.”

मी खाटेवरून उडी मारली तशी उशी सुटून फीतवालीच्या बुटांवर पडली. तिने उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली काढली. कोणी हसलं नाही. मागे पोस्टमनची आई चादर बाजूला करून विचारत होती, “झालं का? उठू का मी?”

गाडीत आत्या पुढे बसली. फीतवाली वेगात गाडी हाकत होती, आणि आत्या समोरच्या रस्त्याकडे बघत बोलत होती, जसं काही रस्त्यालाच सांगतेय. “माझी पोर याच रस्त्यावर गेली. खोलीला कुलूप होतं. आज कुलूप नव्हतं. आज मी होते.” मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकून टाकला.

पुलापलीकडच्या चढावर टेम्पो दिसला. खाणीची गाडी, जड, चढाला रांगत चालली होती. फीतवालीने हॉर्न दाबून धरला आणि गाडी आडवी घातली. ड्रायव्हर तावातावाने उतरला. “मघाशी जागा नव्हती, आता कुठून झाली?” तोही आता आमच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता, आणि त्याचं काय चुकलं?

“झाली,” आत्या म्हणाली. “पोरीला इकडे घे.”

आम्ही परत पोचलो तेव्हा सहाही खाटा रिकाम्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी बायकांनी माझ्या चादरी ताणून नीट घातल्या होत्या आणि सगळ्या बाहेर व्हरांड्यात खाली माना घालून उभ्या होत्या. बाळंतपणाच्या खोलीचं दार विटेवर उघडंच होतं. मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, शहर काही गाठलं नसतं तिने.

दुपारी आत्या आणि फीतवाली व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले.

“सगळं खोटं होतं,” आत्या म्हणाली. “तसं लिही. ही खोली रिकामीच असते.”

फीतवालीने चहाचा घोट घेतला. “मला सकाळीच कळलं होतं. चौथ्या खाटेवरच्या बाई उशी पाठीकडे सरकवून झोपल्या होत्या.” मग ती आत्याकडे वळली. “पण आत्या, वरचे मला विचारतील, रिकामी असते तर ठेवायची कशाला? मी काय सांगू?”

आत्याने कप पायरीवर ठेवला. दुधाने तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिते, हे मी जन्मभर तिच्याबाबतीत म्हणत आले. पण आपल्याच फुंकरीने दिवा विझता विझता राहिला, हे तिने त्या दिवशी पाहिलं होतं.

“सांग त्यांना,” ती म्हणाली, “आज एक आली होती. जागा नव्हती.”

फीतवालीने ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. नवी खोली चालू झाल्याशिवाय जुनीला हात लावणार नाही, असं मात्र तिने कबूल केलं. आत्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची टाकून जुन्या दाराशी बसली. शब्द दिलाय ना तिने, असं मी म्हटलं, तर म्हणाली, “तिने दिलाय. गवंड्याने कुठे दिलाय?” सगळं बांधकाम होईपर्यंत ती खुर्ची हलली नाही. मजूर तिला वळसा घालून वाळू नेत. शब्द पाळला गेला, पण आत्याला विचाराल तर ती म्हणेल, मी बसले होते म्हणून.

नवी इमारत झाली. उजेडाची, कोरडी, चाकांच्या खुर्चीला सरळ आत जाता येईल अशी. आत्याने भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडून मिटून पाहिलं. दाराला कडी नव्हती. कोणी विसरलं असेल, असं ती म्हणाली. नव्याचे नऊ दिवस, असंही म्हणाली. आणि जुन्या दाराखालची वीट तिने पदराखालून आणून नव्या दाराला लावली.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. दालन बघितलं, व्यायामाची खोली बघितली, मग बाळंतिणींच्या वॉर्डात आले. सगळ्या खाटा रिकाम्या, माझ्या नव्या चादरींच्या. मला वाटलं, आता हे विचारणार, इथे कोणी येत नाही का? पण साहेब फोटो काढून घ्यायच्या नादात होते. ते दाराजवळच्या खाटेवर टेकले आणि फोटोवाल्याकडे बघून हसले.

आत्या पुढे झाली. “उठा,” ती म्हणाली. “ती जागा धरलेली आहे.”

साहेब दचकून उठले. इकडे तिकडे बघत म्हणाले, “कोणासाठी? इथे तर कोणीच नाही.”

आत्याने वाकून चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

“अजून यायचीय ती.”