आल्याचं विरजण

वसईहून निघालो त्या दिवशी आई रडली नाही. टॅक्सी दारात उभी होती, बहीण बॅगेला दोरी आवळत होती आणि आई एक बरणी जुन्या टॉवेलात गुंडाळत होती. बरणीत आल्याचं विरजण होतं: किसलेलं आलं, साखर, पाणी आणि त्यावर आपोआप येणारा फेस. रोज चमचाभर आलं-साखर घातली की ते वर्षानुवर्षं जगतं. नाताळात आमच्याकडे त्याची बिअर होते. नावाला बिअर, पण पोरांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे पितात. "झाकण घट्ट लावू नको," आई म्हणाली. "त्याला फुगायला जागा लागते."

मी अर्थातच घट्ट लावलं. बॅगेत नवे शर्ट होते ना. मस्कतला बॅग उघडली तेव्हा शर्टांची वाट लागली होती आणि बरणीच्या तळाशी जेमतेम दोन चमचे उरले होते. त्या दोन चमच्यांवर मी इथला संसार मांडला.

अल् खुवैरला ड्राफ्ट्समनची नोकरी, खोलीत जोडीला सावंतवाडीचा परब. ऑक्टोबरात मी बिअर करून काचेच्या दहा बाटल्या आईच्या पद्धतीनं गळ्यापर्यंत भरल्या आणि पाच दिवसांसाठी पलंगाखाली ठेवल्या. पाच दिवस हा वसईच्या डिसेंबरचा हिशेब. मस्कतचा ऑक्टोबर म्हणजे आपला मे महिना. त्यात घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची ही आईची शिस्त. मी गुणी मुलासारखा रोज एसी बंद करून ऑफिसला जात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी परबचा फोन आला. दोन बाटल्या फुटल्या होत्या आणि आवाजानं बिल्डिंगचा मल्याळी वॉचमन वर आला होता. मी धावत घरी पोचलो. दारू बनवतो असा संशय जरी आला असता तरी नोकरी, व्हिसा, सगळं खलास. वॉचमन एवढंच म्हणाला, "भाई, शाम को अर्बाब आएगा. साफ करो, यल्ला."

उरलेल्या आठ बाटल्या ओल्या टॉवेलात धरून एकेक करून उघडल्या. फेस छतापर्यंत गेला. सगळं मोरीत ओतलं आणि घाबरून मी बरणीलाही हात घातला. काचा वेचत असलेला परब उठला, बरणी माझ्या हातून घेतली आणि फ्रिजमध्ये ठेवली.

"ह्यां ओतू नको रे मेल्या," तो म्हणाला. "आवशीन दिलेलां आसा."

संध्याकाळी अर्बाब, म्हणजे घरमालक, आले, आल्याचा वास घेत उभे राहिले. वॉचमननं त्यांना सांगितलं की दोघांनाही सर्दी आहे, काढा उकळत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी मध पाठवला. त्या मधाची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून मी शहाणा झालो. इकडे आलेल्यांनो, तुम्हीही ऐकून ठेवा: बाटली प्लास्टिकची घ्या, वर चार बोटं रिकामी सोडा, गार पाण्याच्या टबात उभी करा, सकाळ-संध्याकाळ झाकण जरा सैल करा. दाबून बाटली कडक लागली की थेट फ्रिजमध्ये. गारठ्यात तो सगळा उत्साह मुकाट झोपतो.

मग एका वर्षी आई पडली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर ती बहिणीकडे राहिली. घरच्या विरजणाकडे बघायला कुणी नव्हतं. "ते गेलं," तिनं फोनवर सांगितलं आणि लगेच, जेवलास का, म्हणून विचारलं. लग्नाआधीपासून तिनं ते जपलं होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

नाताळला मी गेलो. माझं विरजण तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून थंड केलं, प्लास्टिकच्या बाटलीत फक्त पाव भागापर्यंत भरलं, बाटली चेपून हवा काढली आणि मग बूच लावलं. वसईला पोचेपर्यंत बाटली टम्म फुगली होती, पण थेंब सांडला नव्हता. आईनं चमचाभर चाखलं, म्हणाली तिखट झालंय, तुमच्या आल्याला वेगळा झणका आहे. मग सगळं तिच्या रिकाम्या बरणीत ओतून चमचाभर साखर घातली आणि झाकण सैल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फेस आला. तेव्हा मात्र ती रडली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन वसई म्हणायचो. आता जरा थांबतो. दोन्हीकडे कुणीतरी रोज चमचाभर आलं-साखर घालतं आहे, हे मला पुरतं.

परत निघालो तेव्हा टॅक्सी दारात होती आणि आई पुन्हा एक बरणी टॉवेलात गुंडाळत होती. "निम्मं घेऊन जा," ती म्हणाली. "इथलं गेलं तर तिथलं असू दे."

या वेळी झाकण मी सैलच ठेवलं. शर्ट गेले तर गेले.