डिस्क गोल्फच्या बुटांसाठी गुडगाव, करोलबाग, पहाडगंज आणि थोडा चिखल

दिल्लीत राहणारी माणसं शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की डोंगराकडे पळतात, तिथे गर्दीत अडकतात आणि सोमवारी ऑफिसात येऊन 'काय शांतता होती' असं सांगतात. मी मात्र ऑगस्टमधला एक अख्खा शनिवार-रविवार बुटाचे दोन जोड घ्यायला दिला. त्याचंही प्रवासवर्णन होऊ शकतं, असं माझं मत आहे. हे वाचून कुणाला असाच प्रवास करावासा वाटला, तर त्यांना माझ्याकडून आगाऊ सहानुभूती.

डिस्क गोल्फ म्हणजे काय, हे मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मी इतक्यांदा सांगितलंय, की आता लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर तिसऱ्या मजल्याच्या आत सांगून होतं. हातात प्लॅस्टिकची जड चकती, लांबवर लोखंडी साखळ्या लावलेली टोपली, आणि कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पाडायची. बस. "म्हणजे थाळी फेकायची?" असं शेजारच्या मिसेस भाटिया विचारतात. हो, थाळीच. फक्त आमची थाळी बाराशे रुपयांची असते आणि झुडपात हरवते.

हा खेळ मी आणि रेहाना एकत्र शिकलो. रेहाना मुलाणी मूळची मिरजेची, मी साताऱ्याची. एकाच मंत्रालयात, एकाच सेक्शनमध्ये, शेजारशेजारच्या टेबलांवर आम्ही एकोणीस वर्षं काढली आहेत. ती द्वारकेला राहते. सोहना रोडच्या पुढे एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या पडीक शेतात अशा नऊ टोपल्या उभ्या केल्यात; महिन्यातून दोन रविवार आम्ही तिथे जायचो.

जुलैत तिथेच रेहाना पडली. गवत ओलं होतं, तिचे बूट आदल्या खेळात फाटले होते, म्हणून मी डिकीतले माझे जुने कॅनव्हासचे बूट काढून दिले. तळ झिजून आरशासारखा झाला होता. ती म्हणाली, "घसरतील गं हे." मी म्हणाले, "चालतील यार, नऊ टोपल्यांचाच तर प्रश्न आहे." तिसऱ्या टोपलीलाच प्रश्न सुटला. उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी मी जाहीर केलं की आता बूट घ्यायचे, आणि असे की पाण्याने आत यायला परवानगी मागितली पाहिजे. मधल्या सहा आठवड्यांत मी इंटरनेटवर बुटांबद्दल इतकं वाचलं होतं, की तेवढं विभागीय परीक्षेला वाचलं असतं तर आज वेगळ्या खोलीत बसले असते.

शनिवारी सकाळी अकराला आम्ही गुडगावच्या एका मॉलमध्ये भेटलो. मयूर विहारहून ब्लू लाइन, राजीव चौकला बदलून यलो लाइन. सव्वा तास धरा. मॉलमधली कॉफी टाळा, तेवढ्यात पहाडगंजला दोघींचं जेवण होतं.

तिथल्या दुकानात विक्रेत्याने आधी आम्हाला एका यंत्रावर उभं केलं. यंत्राने पायाचा रंगीत नकाशा काढला. माझा उजवा पाय किंचित आत झुकतो, हे मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळलं. "मैम, ऍक्टिविटी क्या है आपकी?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो नम्रपणे गोल्फच्या बुटांकडे घेऊन गेला. ते नव्हे म्हटल्यावर धावण्याच्या, मग चढाईच्या, मग नुसत्या चालण्याच्या. शेवटी त्याने वॉटरप्रूफ अस्तराचा एक जोड काढला. सुंदर होता. किंमत अकरा हजार.

मी पिशवीतून रेहानाचा फाटलेला बूट काढला. फक्त डावा, आणि तोही फक्त अंगठ्याच्या टोकाला. उजव्या हाताने जोरात फेकताना मागचा डावा पाय जमिनीवर घासत येतो, म्हणून तेवढंच टोक जातं. "हे टोक टिकेल का?" असं विचारलं. त्याने बूट हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "मैम, आप राइट वाला ही पहनिए ना, वो तो बिल्कुल ठीक है।" अकरा हजारांत सल्ला फुकट मिळत होता.

तरी मी कार्ड काढलं. "तुझा जोड माझ्याकडून," मी रेहानाला म्हणाले.

"कशाबद्दल?"

"असंच."

"असंच अकरा हजार? तू ऑफिसात चहाचे दहा रुपये वेगवेगळे देतेस." तिने बूट खोक्यात ठेवले, झाकण लावलं आणि दुकानाबाहेर पडली. मी विक्रेत्याला उगाच थँक्यू म्हणत मागे गेले. यलो लाइनमध्ये राजीव चौकपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. बराच वेळ बोगदाच होता.

करोलबागला उतरल्यावर तिला जरा भूक लागली, म्हणजे राग उतरला. तिथल्या बाजारात ज्या बुटाकडे बोट दाखवाल तो वॉटरप्रूफ असतो. एका दुकानदाराने चपलेलाही वॉटरप्रूफ म्हटलं, ते एका परीने खरंही होतं. एका जोडावर रेहाना थांबली.

"पक्का वॉटरप्रूफ है?"

"सौ टका, मैडम।"

"पानी डालकर देखूँ?"

"पानी क्यों डालोगे? जूता है, गमला थोड़ी है।"

तिने तोवर बाटली उघडली होती. बूट आडवा धरून तिने बाहेरून धार सोडली. दहाएक सेकंदांत आतलं अस्तर काळंभोर झालं आणि टाचेकडून थेंब गळायला लागले. दुकानदाराने शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "देखा, पानी अंदर रुकता नहीं।" अशा माणसाशी वाद घालता येत नाही. त्या ओल्या बुटाचे पैसे मात्र त्याने मागितले नाहीत, हा त्याचा मोठेपणा.

तिथून पहाडगंज दोन स्टेशनांवर. आर. के. आश्रमला उतरून मेन बाजाराच्या गल्लीत शिरलो, आधी छोले-भटुरे खाल्ले. भटुरे चांगले, लोणचं तिखट, बसायला जागा नाही. त्याच गल्लीत कारखान्यांना बूट पुरवणारं एक घाऊक दुकान आहे. पुढे गमबुटांच्या भिंती, मागे निर्यातीतून उरलेला माल. गल्ल्यावर साठीच्या बाई, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांना कुठलीही ऍक्टिविटी सांगावी लागली नाही. फाटका डावा बूट पाहून त्या म्हणाल्या, "बेटा, बॉलिंग करती हो क्या?"

त्यांचा भाऊ क्लबात वेगवान गोलंदाजी करायचा. त्याचाही एकाच पायाच्या बुटाचा अंगठा घासून जायचा. दुकानाबाहेर बसणारे मोची चाचा तिथे रबराचा तुकडा चिकटवून शिवून द्यायचे. मग त्यांनी बूट काढले. शिवण कमी, जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत जोडलेली, म्हणजे लेसच्या फटीतून पाणी आत येणार नाही. तळाला खोल खाचा, त्याही दूर दूर, म्हणजे चिखल अडकून बसणार नाही. उंच घोट्याचे नका घेऊ, त्या म्हणाल्या, पाणी वरून शिरलं तर ते तिथेच घर करतं. सहा आठवडे वाचून मला जे नीट कळलं नव्हतं ते त्यांनी गल्ल्यावरून न उठता सांगितलं. जोड पंचवीसशेचा. रंग पोपटी आणि नारिंगी एकत्र, म्हणूनच बहुधा परदेशातून परत आलेला. रेहानाने पाण्याची बाटली काढली. बाई म्हणाल्या, "डालो, डालो।" आत थेंब गेला नाही. आम्ही दोन जोड घेतले.

चाचा रबर शिवत होते तेव्हा आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हणाले, "रेहाना, ते अकरा हजार असंच नव्हते. तू त्या दिवशी म्हणालीस घसरतील, आणि मी म्हणाले चालतील."

"मला माहितीये तू काय म्हणालीस. मी तिथेच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बूट मीच घातले ना, तू जबरदस्ती तर नाही केलीस." मग ग्लासात बघत म्हणाली, "मी घरी मेट्रोच्या जिन्यावर पडले असं सांगितलंय. इक्बालला आणि अम्मींना. आणि उद्या तुझ्याकडे सत्यनारायण आहे असं."

"माझ्याकडे? आमच्याकडे शेवटचा सत्यनारायण वास्तुशांतीला झाला."

"म्हणून तर. पुष्कळ दिवस झाले म्हटलं."

नवऱ्याला आणि सासूबाईंना खरं का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी सुनेचं मनगट थाळी फेकताना मोडलं, हे वाक्य कुठल्याही घरात म्हणून बघा.

रविवारी सहाला गाडी काढली. मयूर विहारहून द्वारका हा उलटा फेरा, पण पहाटे रस्ते मोकळे असतात. रेहाना सोसायटीच्या गेटवर उभी होती. सत्यनारायणाला साजेसा रेशमी दुपट्टा, आणि खाली पोपटी-नारिंगी बूट. वॉचमन बुटांकडे टक लावून बघत होता. द्वारका एक्सप्रेसवेने गुडगाव, मग सोहना रोड. टोलच्या अलीकडे डाव्या हाताला धाब्यावर प्याज-पराठे मिळतात. लोणी आपणहून घालतात, नको म्हटलं तर वाईट वाटून घेतात.

रात्री पाऊस पडून गेला होता. शेतात गवत घोट्यापर्यंत भिजलेलं, मध्ये मध्ये पिवळट चिकणमाती. पहिल्या दोन टोपल्या रेहाना जागच्या जागी उभी राहून खेळली. धाव नाही, पाऊल नाही, नुसता हात. चकती वीस पावलांवर पडायची. "बूट कसेत?" मी विचारलं. "कोरडे," ती म्हणाली. तिसऱ्या टोपलीपाशी आल्यावर तिने चकती माझ्या हातात दिली. "मी इथे थांबते. तू खेळून ये."

"रबर लावलंय, खाचा आहेत, तळ—"

"अश्विनी, बुटांबद्दल नको बोलूस."

मी चकती घेऊन मागे सरकले. मग, तिला दाखवावं म्हणून असेल, मी पूर्ण धाव घेतली. पंचवीसशेच्या बुटांवर, अंगठ्याला नवं रबर, पाण्याची परीक्षा पास. तीन पावलं फार सुरेख पडली. चौथ्याला पुढचा पाय चिकणमातीवर गेला आणि मी बसले. हळूच नाही, धप्पकन. चकती मागे गेली. चिखल कमरेपर्यंत.

रेहाना धावत आली, त्याच मातीवरून. "लागलं का? हात हलव. मनगट दाखव." मला काही लागलं नव्हतं. मी बूट काढून आत हात घातला आणि तिला सांगितलं, "मोजे कोरडे आहेत." ती हसायला लागली. इतकी की तिला खाली वाकून गुडघ्यांवर हात टेकावे लागले. बऱ्याच वेळाने उभी राहिली, चकती उचलली आणि म्हणाली, "सरक." दोन पावलं घेतली, छोटीच. चकती टोपलीपासून लांब, बाभळीत गेली. काढायला आम्हाला पाव तास लागला. पुढच्या सहाही टोपल्या ती दोन पावलांनी खेळली.

परतताना द्वारकेच्या अलीकडे ती म्हणाली, "तुला एक सांगू? पडल्यापासून मी जिना भिंतीला धरून उतरते. ऑफिसातलाही. पाय खाली ठेवताना वाटतं, आता गेला." मी गाडी चालवत राहिले.

अम्मींनी दार उघडलं. माझ्या कपड्यांवर वाळलेला चिखल होता. सत्यनारायणाबद्दल कुणीच बोललं नाही. अम्मींनी मला जुन्या चादरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि रेहानाला म्हणाल्या, "पडलीस त्या दिवशी तुझ्या सलवारीवर गवताचे डाग होते. मीच घासले. मेट्रोच्या जिन्यावर गवत उगवायला लागलंय का?" रेहानाने बसून सगळं सांगितलं. चकती, टोपली, तिसरी टोपली, माझे जुने बूटसुद्धा. अम्मींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सांगायचं होतंस. मी काय खेळू नको म्हणणार होते? पडू नको म्हणाले असते." मग माझ्याकडे वळून, "आणि तू तिला कसले गं बूट दिलेस?" मी पाण्याचा ग्लास पुन्हा तोंडाला लावला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, मिळाले का बूट? मिळाले. बाल्कनीत उलटे टांगलेत. असा प्रवास करणाऱ्यांनी पहाडगंजला जावं, बाटली भरून न्यावी, डाव्या पायाला रबर शिवून घ्यावं आणि चिकणमातीवर धावू नये. बाकी मॉलमधला पायाचा नकाशा मोफत आहे, हौस असेल तर काढून घ्यावा. पण आंघोळ करताना मला वेगळंच खात होतं. सहा आठवडे मी तळांच्या खाचांबद्दल वाचत होते, आणि ही बाई माझ्या शेजारच्या टेबलावरून उठून रोज भिंत धरून खाली उतरत होती. मी एकदाही पाहिलं नव्हतं.

सोमवारी साडेपाचला लिफ्टपाशी मोठी रांग होती. "चल, जिन्याने," रेहाना म्हणाली. मी तिच्या एक पायरी पुढे झाले आणि आपला खांदा भिंतीच्या जागी ठेवला. एक मजला ती तो धरून उतरली. पुढच्या मजल्याला म्हणाली, "नीट चाल, तूच पडशील." आणि माझ्या पुढे जाऊन उतरायला लागली.