ठिपक्यात रक्त किती

बाळांनो, आजोबा फोनवर हल्ली इतकं कमी का बोलतात, असं तुम्ही दोघांनी रविवारी विचारलंत आणि मी "सगळं ठीक आहे" म्हणून विषय बदलला. ते बरोबर नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा पुन्हा एमआरआय आहे. त्याआधी मागच्या वेळचं लिहून टाकते.

त्यांच्या मेंदूतली गाठ काढली आणि नंतर किरणांचे शेक दिले, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्याच जागी पांढरा ठिपका दिसला, हे आम्ही सांगितलं नव्हतं. गाठ परत आली असेल किंवा शेकाने झालेला व्रण असेल, नुसत्या चित्रात दोन्ही सारखेच दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. पण वाढणारी गाठ रक्त ओढून घेते, व्रणात ते कमी असतं. म्हणून ठिपक्यात रक्त किती आहे ते मोजायचं ठरलं.

पनवेलच्या सेंटरवर फॉर्म मीच भरला. अंगावर धातू? नाही. अंगात धातू? नाही. खाली सही. आजोबा कपडे बदलायला गेले आणि तिथली मशीन चालवणारी मुलगी बाहेर आली.

"आजी, आजोबांच्या करगोट्यात चांदीचा मणी आहे. फॉर्मवर तर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

लग्नापासून तो काळा करगोटा मी त्यांच्या कमरेला पाहते आहे. त्यात मणी आहे, हे मला आठवलंच नाही; आधीच्या तपासण्यांतही तो कुणाच्या नजरेला आला नव्हता.

मी आत गेले तर आजोबा हसत होते. "जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल पेन चालवलंस. आज तुझीच वही हाय."

करगोटा तोडल्याशिवाय मणी निघेना. मुलीने कात्री आणली तसं त्यांचं हसू गेलं. करगोटा त्यांच्या आईने बांधलेला. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा करगोटा माणूस गेल्यावरच तोडतात. "नवा बांधल्याबिगर जुना काढायचा नाय," ते हळूच म्हणाले, "आई सांगायची."

माझ्या पर्समध्ये सुईदोरा असतोच. शिलाईच्या काळ्या दोऱ्याचे बारा पदर घेऊन मी पीळ दिला. दुसरं टोक धरायला त्या मुलीला सांगितलं. तिने काही न विचारता धरलं. तिथेच पडद्याआड मी तो त्यांच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मगच जुना कापला.

"सैल झालाय, गं."

"तुम्हीच वाळलात."

मग मुलीने त्यांना समजावलं. हातातल्या शिरेतून औषध एका झटक्यात सोडणार. ते मेंदूतून जाईपर्यंत मशीन भराभर चित्रं घेणार. जिथे रक्त जास्त, तिथे चित्र क्षणभर जास्त काळवंडतं. त्यावरून हिशोब. मान मात्र हलवायची नाही.

"म्हणजे पाटाच्या पाण्यात भाताचं तूस टाकायचं," आजोबा म्हणाले. "ज्या खाचरात तूस जास्त गेलं, तिकडं पाणी जास्त."

तिने कधी शेत पाहिलं असेल असं वाटलं नाही, पण ती म्हणाली, "अगदी तसंच, आजोबा."

मी बाहेर जुना करगोटा मुठीत धरून बसले. आतला ठकठक आवाज भिंतीतून येत होता. तो थांबला की भीती वाटायची आणि सुरू झाला तरी वाटायची.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी रंगीत चित्र दाखवलं. मेंदूच्या निरोगी बाजूशी ताडून पाहिलं, तर ठिपक्यात रक्त कमी होतं. बहुधा व्रणच आहे, म्हणाले, पण तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

आजोबांनी चित्रातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "तूस तिकडं गेलंच नाय," म्हणाले.

परतताना आम्ही चौक गावापर्यंत आलो. मग ते म्हणाले, भूक लागली.

त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो, म्हणून फोनवर ते गप्प असतात. तुम्ही थांबलात तर बोलतात. पुढच्या आठवड्यात काय निघेल ते मला माहीत नाही. जुना करगोटा मण्यासकट माझ्या सुयांच्या डबीत आहे आणि शिलाईच्या दोऱ्याचा अजून त्यांच्या कमरेला आहे.