मला न मानवलेलं वावर

पुण्याला जायला मी पहिल्यांदा देऊळघाटच्या फाट्यावर उभा होतो, तेव्हा माझी बॅग ताईच्या डोक्यावर होती. बॅगेला चाकं नव्हती आणि माझ्या अंगात, घरच्यांच्या मते, ताकद नव्हती. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "याले वावर मानवत नाही ना, म्हून शिकाले धाडून राह्यलो." लोक माना डोलवत होते. एसटी आली. ताईने बॅग आत चढवली, खाली उतरली आणि बाजूला जाऊन खोकत राहिली. मी खिडकीची जागा धरली आणि आजारी माणसाला शोभेल असा चेहरा करून हात हलवला.

गावाबाहेर पडलेल्या आपल्या प्रत्येकाकडे बाहेर पडल्याचं एक कारण असतं. कुणाचं नोकरी, कुणाचं मोठं कॉलेज. माझं कारण म्हणजे शिंक. हे तुमच्यासाठी लिहितोय आणि गावात राहिलेल्यांसाठीही, कारण ते कारण खोटं होतं.

पहिली शिंक मात्र खरी होती. मी सहावीत होतो. सोयाबीनची सुडी, म्हणजे कापून रचलेला ढीग, मोडून मळणीयंत्रात टाकणं चाललं होतं आणि कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, धुराळ्यात शेजारचा माणूस दिसत नव्हता. मला ओळीने सात-आठ शिंका आल्या, डोळे लाल झाले. बाबांनी मला कडुनिंबाच्या सावलीत नेऊन बसवलं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई माझ्या जागी यंत्राच्या तोंडाशी उभी राहिली. सावली मला फारच आवडली. पुढच्या हंगामात शिंक आपसूक येईना, तेव्हा मी चिमूटभर कुटार हळूच नाकात ओढलं. मग दरवर्षी ओढलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी लाल डोळे पाहून 'ॲलर्जी' म्हटलं आणि त्या इंग्रजी शब्दाने घरात माझा भाव वधारला. माझं शिक्षण ठरलं. ताईचं दहावीनंतर थांबलं, कारण वावरात कुणीतरी हवं होतं. गणित तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. तिचा खोकला सगळ्यांना ऐकू यायचा, पण "तिले सवय हाये" असं आम्ही म्हणायचो. लग्न होऊन ती अमडापूरला गेली, तरी आमची सोयाबीन काढायला दरवर्षी यायची.

पुणं मला छान मानवलं. एसी ऑफिस, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलमध्ये एअर प्युरिफायर. तोही माझ्या ॲलर्जीसाठी घेतलेला. खोटं इतकी वर्षं वापरलं की तेच माझं दुखणं झालं, आणि ऑफिसात मी ते कौतुकाने सांगायचो.

गेल्या दिवाळीनंतर ताई माझ्याकडे आली. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती तीनदा पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. हंगामी ॲलर्जीने श्वासनळ्यांना आतून सूज आली असेल, तर श्वासातल्या एका वायूवरून ती कळते, असं त्यांनी सांगितलं. सुई नाही, रक्त नाही. यंत्राच्या नळीत श्वास सोडायचा, पण फुंकर मारायची नाही. हळू, एकसारखा, पडद्यावरचा ढग दोन रेघांमध्ये राहील असा.

यंत्रावरच्या मुलीने नवी नळी लावली, तर ताई मागे सरली. "पह्यले याचं पाहा ना, म्याडम. याले लहानपनापासून ॲलर्जी हाये. मले तं साधा खोकला." मी नको नको म्हणत राहिलो, पण तिच्यापुढे माझं चाललं नाही. मी श्वास सोडला. "छान, सूज अजिबात नाही," ती मुलगी म्हणाली. ताईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

मग तिची पाळी आली. दोनदा खोकला मध्ये आला. तिसऱ्यांदा ढग रेघांमध्ये राहिला आणि पडदा लाल झाला. तिचा आकडा माझ्या चौपटीच्याही वर होता.

"हा त्रास कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोरगी होती तवापासून. सोयाबीन निघते तवा जास्त."

"मग घरी सांगितलं का नाही?"

ताई हसली. "एका घरात दोघं बिमार कसे चालतीन, डाक्टरसाहेब? काम कोन करीन?"

मी डॉक्टरांना विचारलं की माझा आकडा आज चांगला आहे, म्हणजे लहानपणीही मला काही नसेल का. ते म्हणाले, ही चाचणी आजचं सांगते, तेव्हाचं नाही. सुटून जायला मला एवढी फट पुरली असती. पण कुटार माझ्याच चिमटीने नाकात गेलं होतं, त्याला यंत्राची साक्ष कशाला हवी.

बाहेर बाकावर बसून मी ताईला सगळं सांगितलं. सावलीचं, कुटाराचं, दरवर्षीचं. मान वर करायची हिंमत नव्हती. ती डॉक्टरांनी दिलेल्या श्वासाच्या पंपाचं टोपण काढत आणि लावत राहिली. लहानपणापासून ती मला बापू म्हणते. शेवटी म्हणाली, "मंग मले बी शिकवाचं होतं ना, बापू, शिंकाले."

त्या बोलण्यात राग नव्हता आणि चेष्टाही नव्हती. तिने थोबाडीत दिली असती तर मला सोपं गेलं असतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती आणि ती अजून गेलेली नाही. ताई आठवड्याने परत गेली. पंप नियमाने घेते, असं फोनवर सांगते. मी तिचे शब्द कमी आणि दोन शब्दांमधला दम जास्त ऐकतो.

आपण गावाकडचे इथे जमलो की बोलतो, तिकडे आपली जागा रिकामी पडली आहे, घर आपली वाट बघतंय. मीही बोलायचो, डोळ्यांत पाणी आणून. आता ते माझ्या तोंडून निघत नाही. माझी तिथली जागा एक दिवसही रिकामी नव्हती. तिथे ताई उभी होती.