बोटांच्या टोप्या

माझ्या हातचं शिवण उसवत नाही. यात गर्व नाही. बडोद्यात गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत कुणालाही विचारून पाहावं. म्हणूनच एका उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, मैत्रिणी बोटांना चिकटपट्टी गुंडाळत बसलेल्या पाहिल्या आणि मला राहवलं नाही. घामाने आणि चिक्कीच्या गुळाने त्या पट्ट्या तासाभरात निघून आल्या, आणि एकीचं बोट मांज्याने चांगलंच चिरलं. हळद दाबता दाबता मी ठरवून टाकलं, पुढच्या वर्षी सगळ्यांना बोटाच्या टोप्या शिवून द्यायच्या.

आम्ही पाचजणी रोज सकाळी एकत्र चालायला जातो. मी धरून दोघी मराठी, बाकीच्या गुजराती, सगळ्याच नोकरीतून मोकळ्या झालेल्या. उत्तरायणाला जमायचं ते आमच्याच धाब्यावर. गच्चीला आम्ही बडोद्याचे लोक धाबंच म्हणतो.

पहिली टोपी पॉपलिनची शिवली. नवऱ्याने ती घालून मांजा ओढला आणि कापड सुरीने कापावं तसं कापलं गेलं. मग जुन्या जीन्सची केली. ती टिकली, पण नवऱ्याने मान हलवली. पतंग ओढतोय की सैल पडलाय, हे बोटाला कळायला हवं, म्हणाला. त्याचं म्हणणं मला पटलं. कापड पातळही हवं आणि चिवटही. असं कापड माझ्याच कपाटात होतं. अंगात विरलेली एक इरकल मी कधीपासून ठेवून दिली होती. साडी विरली तरी तिचा काठ तसाच होता, रेशमाचा, घट्ट विणीचा. काठाचे दोन थर लावून टोपी शिवली. नवरा मांजा ओढून ओढून दमला, टोपीला काही झालं नाही.

मग चालता चालता बाकावर बसवून प्रत्येकीच्या तर्जनीला दोरा गुंडाळून मापं घेतली. अंगठी करते आहेस का, असं एकीने विचारलं. मी नुसती हसले. एवढ्या लहान गोलाईत मशीनचा पाय फिरत नाही, म्हणून सगळ्या टोप्या हातानेच शिवल्या. बारीक टाके, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बोटाला टोचायला नको. मुळाशी इलॅस्टिक. दुपारी खिडकीत बसून शिवताना मला जरासुद्धा शंका नव्हती. या टोप्या चालणारच होत्या.

उत्तरायणाच्या सकाळी सगळ्या धाब्यावर आल्या. उंधियू खाली गरम होत होता. मी टोप्या काढून जिच्या तिच्या हातात दिल्या. आमच्यातली सगळ्यात तरबेज पतंगवाली म्हणजे एक गुजराती मैत्रीण. तिने टोपी उलटीसुलटी करून पाहिली, छान आहे म्हणाली आणि पर्समधून चिकटपट्टी काढली. "मने तो पट्टी ज फावे," तिला पट्टीचीच सवय होती. मी आग्रह केला नाही. दोन पेच झाल्यावर ती स्वतःच आली, पट्टी सोलून टाकली आणि टोपी चढवली. नंतर दिवसभर तिने ती काढली नाही.

दुसरी मराठी मैत्रीण मात्र एका हातात मांज्याची फिरकी आणि दुसऱ्या तळहातावर टोपी घेऊन तशीच उभी राहिली. तिचं माहेर बडोद्याजवळच्या छाणीचं. इतक्या वर्षांत तिने आमच्याकडे कधी पतंग उडवला नव्हता. फिरकी मात्र तिच्याइतकी छान कुणी धरत नाही. माहेरी भाऊ उडवायचे आणि बहिणींनी फिरकी धरायची, तीच सवय तिला राहिली होती.

"मला कशाला गं?" ती म्हणाली. "फिरकी धरायला टोपी लागत नाही."

"फिरकीसाठी नाहीच शिवली," मी म्हटलं. "आण ती फिरकी इकडे."

तिच्या हातातली फिरकी मी घेतली. ती लाजली, नाही नाही म्हणाली, आणि तरी टोपी बोटात चढवून मोकळी झाली. माप अगदी बरोबर होतं. पहिला पतंग शेजारच्या टाकीवर आपटला, दुसरा आंब्यात अडकला. पतंगवालीने मागे उभं राहून तिला दोरा कधी सोडायचा, कधी खेचायचा ते दाखवलं. तिसऱ्या वेळी वारा मिळाला आणि पतंग वर गेला. तिची नजर आभाळातून हलत नव्हती. मी दोरा सोडत राहिले.

थोड्या वेळाने पलीकडच्या इमारतीवरून कुणीतरी तिचा पतंग कापला. तिकडे पोरांनी गलका केला. मला वाटलं आता ती फिरकी परत मागेल. तिने मला तुटलेला दोरा भराभर गुंडाळायला लावला, पतंगांच्या गठ्ठ्यातून आधीच दोरा बांधून ठेवलेला लाल पतंग उचलला आणि मला म्हणाली, "तू नीट धर. मघाशी दोरा सोडायला उशीर केलास."

मी नीट धरली. जेवायला तिला तीनदा हाका माराव्या लागल्या.