पोस्टरमधल्या बाईचा डावा हात

मैत्रिणींनो, आज दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

चाकणला आमच्या कंपनीत पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर नवीन मुली आल्यात. त्यांच्यासाठी सुरक्षेचं सचित्र पोस्टर मी एआयकडून करून घेतलं. लिहिलं एवढंच, "प्रेसवर सुरक्षित काम करणारी हसरी बाई." सुपरवायझर म्हणाले, "ताई, एक नंबर! टाका मुलींच्या ग्रुपवर." टाकलं.

जेवताना नीट पाहिलं. बाईचा उजवा हात बटणावर, डावा थेट प्रेसखाली!

आमच्याकडे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. घाईत लोक एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात आणि मोकळा हात आत घालतात. माझ्या मिस्टरांची दोन बोटं अशीच गेली. आता ते स्वतः जाऊनही सहा वर्षं झाली, पण भात कालवताना त्यांचा तो हात अजून डोळ्यांपुढे येतो.

मी पुन्हा लिहिलं, "दोन्ही हात दोन बटणांवर, प्रेसखाली हात नाही." चित्र बरोबर आलं. जुनं काढून टाकायला गेले, तर त्याखाली एका नव्या मुलीचं उत्तर होतं, "काकू, समजलं. एक हात बटणावर, एक मालावर."

तिला फोन लावतेय, उचलत नाही. उद्या पहिल्या शिफ्टला तिच्याआधी मशीनपाशी पोचायचंय.

तुम्ही असं चित्र पुढे पाठवण्याआधी कोणाला दाखवता?