गोड्या पाण्याची गाडी

माझं माहेर अमरावतीचं, भरल्या गल्लीतलं. एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरात ठसका लागायचा. लग्न झालं आणि मी तिथून उचलून एकदम अकोल्याकडच्या एका स्टेशनावर येऊन पडले. माझे यजमान तिथे स्टेशनमास्तर होते. मोठ्या लायनीवरून एक अरुंद फाटा निघायचा आणि पूर्णेच्या काळ्या रानातून वळणं घेत जायचा. त्या फाट्यावर अध्येमध्ये आमचं स्टेशन. स्टेशन म्हणजे कौलारू दोन खोल्या, मुरमाचा फलाट, एक कडुलिंब आणि मागे आमचं क्वार्टर. गाव कोसभर लांब. पावसाळ्यात त्या मातीत पाय घातला की चप्पल मातीतच राहायची, म्हणून ते चार महिने गावाचं तोंडही दिसायचं नाही.

सकाळी एक गाडी मोठ्या लायनीकडे जायची, संध्याकाळी तीच परत यायची. मधला सगळा दिवस रिकामा. हे स्वभावाने अबोल. ऑफिसात तारेचं यंत्र कडकट वाजायचं, त्याला मात्र ते लगेच उत्तर द्यायचे. मला कधीकधी त्या यंत्राचा हेवा वाटायचा. भांडी घासताना मी ती मुद्दाम आपटायची, घरात काहीतरी आवाज असावा म्हणून.

तो सगळा खारपाणपट्टा. स्टेशनच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि तहानही भागायची नाही. प्यायचं पाणी गाडीनेच यायचं. संध्याकाळच्या गाडीला एक टाकी जोडलेली असायची, गाडी थांबली की मी घागरी घेऊन धावायची.

तिथेच मला माळीणबाई भेटली. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. नदीच्या वळणावर तिचा मळा होता आणि त्या सगळ्या रानात तिच्या एकाच विहिरीला गोडं पाणी लागलेलं होतं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेकडेने झेंडू. सकाळच्या गाडीत ती भरलेल्या टोपल्या चढवायची. तिचा दीर अकोल्याच्या बाजारात माल विकायचा. संध्याकाळी ती रिकाम्या टोपल्या उतरवून घ्यायला यायची.

"मास्तरीणबाई," तिने एकदा विचारलं, "तुमी दिवसभर करता काय वो?"

"काही नाही."

"मंग माह्यासंग बोलत जा. मी बी काई नाई करत, नुसतं खुरपतो."

तेव्हापासून गाडी येण्याआधी आम्ही दोघी कडुलिंबाखाली बसायला लागलो. तिचा नवरा, तिची म्हैस, गावातली भांडणं, सगळं ती एका दमात सांगायची. माझ्याजवळ सांगण्यासारखं फारसं नसायचं. पण तिने विचारलं की मी अमरावतीच्या आमच्या गल्लीतलं एकेक घर तिला सांगायची, आणि सांगता सांगता ते मलाच दिसायचं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले, पण ते टिकले नाहीत. सकाळची वेळ होती, गाडीचा धूर दिसायला लागला होता. मी दारातच खाली बसले. हे निशाण घेऊन फलाटावर उभे. त्यांनी वळून पाहिलं, पण त्यांना जागा सोडता येईना. माळीणबाईने टोपल्या होत्या तिथे टाकल्या आणि ती घरात आली. गाडी थांबली, निघून गेली. तिने चूल पेटवली, पाणी तापवलं, माझं सगळं केलं, मला स्वच्छ लुगडं नेसवलं. दुपारी मला भान आलं तेव्हा खिडकीतून तिच्या टोपल्या उन्हात पडलेल्या दिसल्या.

"बाई, तुमचा माल राहिला."

"राहू द्या. वांगे काय रडून राहिले काय? तुमी रडा."

तोवर मी रडले नव्हते. मग रडले. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली, उगी म्हणाली नाही. हे दारापर्यंत यायचे, उभे राहायचे, परत ऑफिसात जायचे. त्यांनाही कोणीतरी हवं होतं असं मला आता वाटतं. तेव्हा सुचलं नाही.

पुढे लढाई सुरू झाली. ट्रॉलीवर बसून एक साहेब आला, फाट्याचे रूळ लढाईच्या कामाला न्यायचे आहेत असं सांगून गेला. मी ते माळीणबाईला सांगितलं.

"लढाई कुठी हाये?"

"समुद्रापलीकडे."

"मंग तिकडं आमचे रूळ काहून लागते?"

ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "वरून हुकूम आहे."

गाड्या बंद झाल्या. पण सामानावर लक्ष ठेवायला आम्हाला तिथेच राहायचं होतं. गाडी नाही, माणूस नाही, तारेचं यंत्रही काढून नेलेलं. हे रोज कोट चढवून ऑफिसात बसायचे आणि समोरच्या रुळाकडे पाहत राहायचे. पाण्याचा प्रश्नच होता. तो माळीणबाईने न सांगता सोडवला. रोज सकाळी, पूर्वीच्या गाडीच्या वेळेलाच, ती डोक्यावर गोड्या पाण्याची घागर घेऊन यायची. तिचा मळा मात्र मोडत चालला. बैलगाडीने अकोल्याला पोचेपर्यंत मेथी पिवळी पडायची, झेंडू मलूल व्हायचा. एके दिवशी तिने सांगितलं, "वांगे उपटले. जवारी पेरतो आता."

रूळ उखडणं लांबच्या टोकाकडून सुरू झालं. रोज घणांचा आवाज थोडा जवळ यायचा. मग आमच्या पलीकडची लायन गेली आणि उरला तो मोठ्या लायनीकडचाच तुकडा. आमची बदली भुसावळला झाली. रूळ भरलेल्या उघड्या डब्यांच्या गाडीतच आमचं सामान जाणार होतं, आम्हीही.

निघायच्या सकाळी माळीणबाई आली. सामान चढताना पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "माहे वांगे लय फिरले गाडीत. मी एक डाव बी नाई बसलो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. नियमाच्या बाहेर त्यांनी कधी काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. ते आत गेले. ऑफिसातलं स्टूल आणून डब्यापाशी ठेवलं आणि म्हणाले, "चढा, बाई. जपून."

आम्ही दोघी ट्रंकेवर बसलो. गाडी हलली तशी तिने माझा हात गच्च धरला. थोड्या वेळाने सोडला. तिचा मळा आला, गेला. "केवढासा दिसते," ती म्हणाली. नंतर वाटभर ती डोळे मोठे करून नुसती बघत होती. पदर उडत होता, तो तिने आवरलाही नाही.

जंक्शनवर उतरलो तोच शेजारून मेल धडधडत गेली. ती भिंतीला जाऊन टेकली. आम्हाला पुढची गाडी मिळायला अवकाश होता. मला वाटलं, आता खूप बोलू.

"मी निघतो," ती म्हणाली. "म्हैस वाट पायत असन."

परत जायला गाडी नव्हतीच. ती त्याच लायनीवरून, स्लीपरांवर पाय टाकत चालत निघाली. मजूर तिच्या पाठोपाठ पहारी घेऊन गेले. बाभळींच्या वळणापर्यंत ती दिसत होती. तिने मागे पाहिलं नाही.

भुसावळला रात्रंदिवस गाड्या, शेजारपाजार, पुढे दोन मुलं. तरी तसं बोलणारं कोणी भेटलं नाही. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे पत्राचा प्रश्नच नव्हता.

पुष्कळ वर्षांनी, हे गेल्यानंतर, मी एकटीच एसटीने त्या गावी गेले. स्टेशनच्या जागी कपाशी उभी होती. कडुलिंबही कोणी ठेवला नव्हता. गावात तिच्या पुतण्याची सून भेटली. माळीणबाई तापाने वारली होती, त्यालाही बराच काळ झाला होता.

"आजेसासू सांगे, रेल्वेत बसली होती मनून," सून म्हणाली. "पोट्टे हासत तिले. इथं कुठची रेल्वे?"

"बसली होती," मी म्हणाले. "माझ्या शेजारी."

तिने मान डोलावली, म्हाताऱ्या माणसापुढे डोलावतात तशी, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.